मोरी तुंबली होती आणि मी इंजिन खोलायला निघालो होतो

माझ्याकडे १९९८ ची मारुती झेन आहे, कार्बुरेटरवाली, ९९३ सीसी. का ठेवलीय हे विचारू नका, घरच्यांनी विचारून झालंय आणि दर पाच वर्षांनी पासिंगला गेलो की आरटीओतला माणूस पण तेच विचारतो. पुण्यात ऑफिसला जाण्यापुरती आणि वर्षातून चार-पाच वेळा कोल्हापूर, एवढंच तिचं काम. तर या गाडीनं मागच्या दिवाळीपासून मला जो त्रास दिला आणि त्यातून मी जे काही शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण तीन वेळा तीन वेगवेगळे आजार ठरले आणि खरा आजार चौथाच निघाला. आधीच सांगतो, गाडी बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही, इतकी वर्षं चाललीय अजून काय पाहिजे. दोष माझा.

सुरुवात खंबाटकीत झाली. पुण्याहून जाताना घाट चढलो, वाईकडच्या बाजूला उतरायला लागलो, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, गाडी गिअरवर सोडलेली. मागे बसलेली आई म्हणाली, "अरे मागं काहीच दिसत नाही, धुकं आलंय का?" आरशात बघितलं तर निळा धूर. थोडाथोडका नाही, डास मारायची गाडी गल्लीतून जाते ना तसा. मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय. सुरूरपाशी पोचेपर्यंत धूर आपोआप कमी झाला आणि सातारा येईपर्यंत गाडी अशी चालली जणू काही झालंच नाही. पुण्यात परत आल्यावर आठ दिवस सिग्नलला थांबून थांबून चालवली, टिपूसभर धूर नाही. मी विसरून गेलो. ऑईल मात्र कमी होत होतं, साधारण ९०० किलोमीटरला एक लिटर, आणि ते मी गुपचूप वरून टाकत होतो.

पुण्यातल्या गॅरेजवाल्याने (नाव नको, माणूस वाईट नाही) गाडी चालू केली, दोनदा रेस दिली, मागे जाऊन धुराचा वास घेतला आणि म्हणाला, इंजिन कामाला आलंय. रिंग-पिस्टन, बोअर, सगळं मिळून ३८,०००. आता या गाडीची भंगारात किंमत किती येईल ते मला माहिती होतं त्यामुळे मी घासाघीस करून त्याला वॉल सीलवर आणलं. वॉल सील म्हणजे वॉलच्या (व्हॉल्व्हच्या) दांडीवर बसणारी रबराची बारीक टोपी, ती कडक झाली की ऑईल दांडीवरून खाली सिलेंडरमध्ये उतरतं आणि जळतं. लॉजिक बरोबर होतं. हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता, प्लगच्या भोकातून हवा भरून, त्याने सील बदलले, ४,५०० घेतले, टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, परत बसवताना पॅकिंगला वरून भरपूर काळं सिलिकॉन चोपडलं. "आता एक थेंब गळणार नाही." खरंच गळला नाही. पण पुढच्या खंबाटकीला धूर तेवढाच.

मग ओळखीतल्या एकाने सांगितलं जाड ऑईल टाक, २०डब्ल्यू-४० काढ आणि २०डब्ल्यू-५० भर, जुन्या गाड्यांना तेच लागतं. भरलं. धूर वाढला! आणि आता एक नवीन गोष्ट, हायवेवर तासभर नव्वदने गेलो की वळणावर ऑईल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा म्हणजे पेट्रोलच्या काट्यासारखा "बघू पुढं" म्हणायचा प्रकार नाही हां, तो लागला की गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद, तिथल्या तिथे. मी थांबलो, हायवेलगतच्या एका ढाब्यावर गाडी लावली, बॉनेट उघडून लगेच डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढली तर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. निघताना मी स्वतः वरच्या खुणेपर्यंत भरलेलं. ऑईल गेलं कुठं, गाडीखाली एक डाग नाही. बरोबर ऑईलचा डबा नव्हता, मग मिसळ खाल्ली, चहा घेतला, कुणाला तरी फोन करावा म्हणत पंचवीस-तीस मिनिटं गेली. परत डिपस्टिक काढली तर ऑईल मधल्या भागाच्या वर! मी म्हटलं, पहिल्यांदा जमीन उतारावर असेल किंवा पट्टी नीट पुसली नसेल. म्हणजे बघा, गाडीने मला उत्तर हातात लिहून दिलं होतं आणि मी ते फडक्याने पुसून टाकलं.

आता इथे जरा थांबून इंजिनातलं ऑईल फिरतं कसं ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. खाली चेंबर असतं, त्यात तीन-साडेतीन लिटर ऑईल. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून काढतो आणि प्रेशरने क्रँकच्या बेअरिंगना देतो, आणि तिथून वर हेडमध्ये, कॅमशाफ्टला, रॉकरला. वर जायचं काम पंपाचं. पण खाली यायचं काम कुणाचंच नाही. हेडमध्ये आणि ब्लॉकमध्ये आरपार भोकं असतात, त्यातून ते आपल्या वजनाने खाली चेंबरात पडतं, बस. पंप वगैरे काही नाही, गच्चीवरचं पाणी जसं पाईपातून उतरतं तसं. आणि गच्चीच्या पाईपाच्या तोंडाशी चार पानं अडकली की काय होतं ते पावसाळ्यात सगळ्यांनी बघितलंय. रिमझिम असेल तर काही कळत नाही, पाणी पानांमधून झिरपत झिरपत जातं. पण धो धो आला की गच्चीचं तळं.

इंजिनात रिमझिम म्हणजे पुण्याचं ट्रॅफिक आणि धो धो म्हणजे खंबाटकी, सेकंड गिअरमध्ये इंजिन ओरडत चढणं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका पंप जास्त ऑईल वर पाठवणार. खाली उतरायची वाट अर्धी बुजलेली असेल तर वर साठणार, खाली चेंबर रिकामं होत जाणार, वळणावर उरलेलं ऑईल एका बाजूला गेलं की जाळी हवा ओढणार, दिवा लागणार. आणि वर साठलेल्या तळ्यात वॉलच्या दांड्या सीलसकट बुडणार. मग घाट संपतो, तुम्ही पाय उचलता, थ्रॉटल बंद, पण चाकं इंजिनाला फिरवतायत, अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या नळीत, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि तो त्या बुडालेल्या दांडीवरून ऑईल खाली शोषून घेतो. सील नवीन असो की जुनं, पाण्यात बुडालेल्या माणसाला छत्री देऊन काय उपयोग.

अजून एक भानगड आहे. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली निसटतोच, चांगल्या इंजिनात पण, तो खाली कोंडून राहू नये म्हणून वर टॅपेट कव्हरपर्यंत येतो आणि ब्रीदर पाईपने परत इनटेकमध्ये जातो. बऱ्याच इंजिनांत हा गॅस वर यायची वाट आणि ऑईल खाली जायची वाट एकच असते. भरलेली बाटली उलटी केली की पाणी सरळ धार धरत नाही, डबक डबक करत पडतं, कारण आत जाणारी हवा त्याला अडवते, तसंच. त्यामुळे गॅस जास्त असेल किंवा त्याची बाहेर जायची सोय बंद असेल तर भोकं स्वच्छ असूनही ऑईल वर लटकून राहू शकतं. हा काही फक्त आमच्यासारख्या जुन्या डब्यांचा आजार नाही. निस्सानच्या स्कायलाईन जीटी-आरला १९८९ पासून आरबी२६ नावाचं सहा सिलेंडरचं इंजिन होतं, जगभर पोरं त्याच्यावर जीव टाकतात, पण ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला ताणलं की त्याच्या हेडमध्ये ऑईल साठतं म्हणून लोक हेडला ऑईल नेणाऱ्या वाटेत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर घालतात आणि हेडच्या मागच्या टोकापासून खाली चेंबरपर्यंत बाहेरून एक वेगळा जाड पाईप टाकतात. म्हणजे सरळ एक जादाची मोरी काढून देतात.

हे सगळं शहाणपण मला नंतर आलं. ते आलं कोल्हापुरात, उद्यमनगरात, चुलत्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. मी गाडी लावली आणि इंजिन उतरवायला किती दिवस लागतील विचारलं. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही. म्हणाले, "पाव्हणं, धूर कवा मारतीया?"

"म्हणजे?"

"सकाळी चालू केल्या केल्या, का चढाला, का उताराला? का उभी असताना पण?"

मी घाटाचं सांगितलं. मग डिपस्टिकचं पण सांगितलं, सहज, तक्रार म्हणून, की ढाब्यावर पट्टी दोनदा दोन वेगळ्या गोष्टी दाखवते. ते ऐकून त्यांनी बिडी विझवली. आत्तापर्यंत मला एकानेही "कधी" हा प्रश्न विचारला नव्हता, सगळ्यांनी "किती" विचारलं होतं.

कारण खरं तर निळ्या धुराची वेळ हेच अर्धं निदान आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना एक भपका देते आणि मग साफ, तर वॉल सील. ॲक्सिलरेटर दाबला की धूर, लोड आला की धूर, ऑईलचं झाकण काढलं तर आतून फसफस, तर रिंगा. तिथं कंप्रेशन (पिस्टन हवा किती जोरात दाबतो ते) बघायचं, आणि कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून परत बघायचं, वाढलं तर रिंगाच. माझ्या गाडीचं कंप्रेशन मिस्त्रींनी आधी बघितलं, चारही सिलेंडर १६५ ते १७० पीएसआयच्या मध्ये. म्हणजे ३८,००० रुपयांचं दुखणं इथेच निकालात निघालं, दहा मिनिटांत. (पिस्टनच्या ऑईल रिंगच्या मागे पण ऑईल परत जायला बारीक भोकं असतात, ती कार्बनने बुजली तर कंप्रेशन चांगलं असूनही गाडी ऑईल खाते. पण ती मग सगळीकडे खाते, फक्त घाट बघून नाही.) आणि खूप वेळ ताणून चालवल्यावर, उतारावर पाय उचलला की ढगभर धूर, नंतर गुमान, हे लक्षण ऑईल वर साठल्याचं.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला अजून आठवते. मला गाडी घेऊन हायवेवर पिटाळलं, वीस मिनिटं चांगली ताणून आण म्हणाले, आणि आल्या आल्या इंजिन बंद करून, ते भाजत असताना, हाताला फडकं गुंडाळून टॅपेट कव्हरचे बोल्ट सोडायला घेतले. पुण्यातल्या गॅरेजने पण हेच कव्हर उघडलं होतं की! पण गाडी त्यांच्याकडे रात्रभर उभी होती, सकाळी थंड इंजिन उघडलं तोपर्यंत ऑईल झिरपून झिरपून खाली गेलेलं, त्यांना आत सगळं कोरडं दिसलं. इथे कव्हर उचललं आणि गिअरबॉक्सकडच्या टोकाला काळ्या ऑईलचं तळं, आतल्या स्प्रिंगा निम्म्या बुडालेल्या. दुसऱ्या टोकाला नुसता ओलावा. मिस्त्री टॉर्च धरून शांत उभे राहिले, मी पण. दोन मिनिटांत पातळी करंगळीच्या नखाएवढी उतरली असेल. कव्हरच्या आतल्या बाजूला गुळाच्या काकवीसारखा थर, बोट फिरवलं की बोटाची रेघ तशीच राहते.

हा थर माझी कमाई. घर ते ऑफिस चार किलोमीटर, इंजिन नीट तापायच्या आत बंद. आत ओलावा धरतो, थोडं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, ते उडून जायला जेवढी उष्णता लागते तेवढी कधी मिळतच नाही. त्यात लॉकडाऊनच्या काळात गाडी उभी, "चाललीच नाही तर ऑईल कशाला बदलायचं" म्हणून मी दोन वर्षं ऑईलला हात लावला नाही. पीसीव्ही वॉल (तो खालचा गॅस इनटेकमध्ये सोडणारा) काढून मिस्त्रींनी कानाजवळ हलवला, तो खुळखुळायला पाहिजे, आतली गोष्ट मोकळी असल्याची ती खूण, माझा खडकासारखा गप्प. म्हणजे गॅस जायची वाट पण बंद.

खात्री करायला त्यांनी चेंबरचा बोल्ट काढून सगळं ऑईल खाली सोडलं, रिकामा ट्रे लावला, डिझेल घालून पातळ केलेलं ऑईल चहाच्या ग्लासात घेतलं आणि हेडमधल्या एका टोकाच्या भोकाशी हळूहळू ओतलं. खाली ट्रेमध्ये धार लागली. दुसऱ्या टोकाला ओतलं तर ग्लास संपायच्या आत वर डबकं, खाली थेंब... थेंब. एवढी साधी टेस्ट. मी म्हटलं, तार घालून मोकळं करा. तर माझ्याकडे असं बघितलं. "आनि घाण कुठं जाईल? जाळीत. मग पुढच्या म्हैन्यात बेअरिंग घेऊन या." म्हणून आधी चेंबर उतरवलं, त्यासाठी सायलेन्सरचा पुढचा पाईप सैल करावा लागला, अर्धा दिवस गेला, आणि मग वरून जुन्या क्लचच्या केबलची तार फिरवत फिरवत खाली घातली, मागून काँप्रेसरची हवा. पहिल्यांदा नुसता फुस्स आवाज, तिसऱ्यांदा खाली फट् करून एक गोळा पडला. डांबरासारखा, चिंचोक्याएवढा. फडक्यावर घेऊन चिरडला तर आत काळ्या सिलिकॉनचा तुकडा आणि त्याच्याभोवती घाणीचे थरावर थर.

कव्हरच्या कडेने सिलिकॉन जास्त लावलं की बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत पण दाबून येतं, आत ते गरम ऑईलमध्ये पोहत राहतं आणि एक दिवस तुटतं. चेंबरमधल्या जाळीवर तर शेवयांसारखे तुकडे अडकलेले, काही जुने, काही अगदी ताजे, चकचकीत, म्हणजे सील बदलल्यावरचे. दिवा तेव्हापासूनच का लागायला लागला ते आता समजलं. आणि जाड ऑईलनं धूर का वाढला ते पण, बारीक भोकातून पातळ ताक उतरतं, श्रीखंड उतरतं का.

फ्लशिंगचं औषध मी स्वतः सुचवलं, बाटलीत मिळतं ते. नको म्हणाले, इतका थर असताना एकदम सुटला तर परत जाळीतच जाणार, हळूहळू सुटू दे. हाताने, ब्रशने, डिझेलने जेवढं निघेल तेवढं काढलं, परत २०डब्ल्यू-४०, नवीन फिल्टर, ५०० किलोमीटरला ते पण काढून टाकलं (चहाच्या चोथ्यासारखं निघालं), मग पुन्हा नवीन. नवा पीसीव्ही वॉल. दोन वेळचं ऑईल सोडून बिल ३,४०० झालं आणि त्यात दुपारचं जेवण मिस्त्रींच्या घरचं होतं ते वेगळं.

याच भानगडीमुळे माझ्या साताऱ्याच्या मावसभावाचे पैसे वाचले, म्हणजे थोडे उशिराच वाचले. त्याची डिझेल गाडी, टर्बोतून ऑईल जळतंय म्हणून एका ठिकाणी टर्बो बदलला, २२,०००. दीड महिन्यात परत निळा धूर, दुसरा टर्बो बदलायचं चाललेलं. मी फोनवर म्हटलं, टर्बोचा परतीचा पाईप बघितला का? कारण तिथे पण तीच गोष्ट, टर्बोला ऑईल प्रेशरने मिळतं पण परत चेंबरात येतं ते नुसतं उतरंडीने. तो पाईप जळक्या ऑईलने आतून बुजला, कुठे दबला किंवा चेंबरात ऑईल प्रमाणाबाहेर भरलं की टर्बोच्या पोटात ऑईल तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टला जातं. टर्बो बिचारा नवा कोरा असला तरी. त्याचा पाईप काढला तर आत उसाच्या रसाची स्ट्रॉ जाईल एवढीच जागा. पाईप नवीन घातला, टर्बो तोच. चालू आहे. पहिला टर्बो पण बहुतेक चांगलाच होता हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

माझी झेन आता २,००० किलोमीटरला साधारण ३०० मिली ऑईल खाते, तिच्या वयाला शोभेल इतकं. खंबाटकी तीनदा उतरून झाली. वाईकडच्या बाजूला मी मुद्दाम आरशात बघतो, मागचे ट्रक स्वच्छ दिसतात. थांबल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने अशी दोनदा पट्टी बघायची सवय लागलीय, फरक आता एखाद्या मिलिमीटरचा येतो. तेवढा कुठल्याही गाडीत येतोच, हेडमधलं ऑईल उतरायला पाच-दहा मिनिटं लागतातच.

फक्त मिस्त्रींनी टॅपेट कव्हरला नुसतं रबरी पॅकिंग घातलंय, सिलिकॉन अजिबात नाही, त्यामुळे एका कोपऱ्यातून किंचित ओल येते, रविवारी मी ती फडक्याने पुसतो. परवा सोसायटीजवळच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो होतो, बॉनेट उघडंच होतं. तिथल्या पोराला ती ओल दिसली, "काका, लीक आहे, दोन मिनिटात मारून देतो" म्हणत तो आतून काळी ट्यूब घेऊन आला. मी हवा अर्धवट सोडून गाडी रिव्हर्सला टाकली.